वरच्या खोलीतला मागाचा आवाज

"तुझा हा फोन मागाचा आवाज खायलाय," नागूमावशी म्हणाल्या आणि फोन माझ्या काउंटरवर आपटला.

मी आधी काच बघितली. तडा गेलेला नव्हता. मग त्यांच्याकडे बघितलं.

"मावशी, आपटल्यावर काय दुरुस्त होणार आहे का?"

"तू विकलास की हा. तूच सांग."

त्या बोलतात तेव्हा रस्त्यापलीकडच्या पानटपरीवाल्यालाही सगळं कळतं. त्यांची चूक नाही. जन्म मागाच्या खडखडाटात गेला. कारखान्यात असताना त्या ओठांवर आणि खुणांवर बोलतात, आणि बाहेर आल्या की जणू माग अजून चालूच आहे अशा बोलतात. सोलापुरात विणकरांच्या वस्तीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याआधी मी सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करत होते. तेव्हापासून निम्म्या तक्रारी आवाजाच्याच ऐकत आले आहे. आवाज बसला, आवाज फाटला, आवाज येतो पण जात नाही. पण फोन आवाज खातो, ही तक्रार नवीन होती.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यांची मुलगी रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रोहिणीचं सासरही याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. पण त्याच दरम्यान जावयाला, महेशला, अकलूजजवळच्या एका दूध डेअरीत नोकरी लागली. त्यानं गावाबाहेर, उसाच्या कडेला एक छान घर भाड्यानं घेतलं. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर रोहिणी त्याला घेऊन थेट तिकडे गेली. आणि तिथं गेल्यापासून बाळ झोपेना.

"हितं असताना पापा दुपारभर झोपायची की," मावशी म्हणाल्या. त्यांच्या तेलुगूत बाळाला पापा म्हणतात. "तिथं डोळाच लावत नाही. रात्री नाही, दिवसा नाही. नुसती रडतीय. डॉक्टर म्हणतोय, पोरगी ठणठणीत हाय. ठणठणीत हाय तर झोपत का नाही?"

"आणि फोन?"

"माझ्या डोक्यात आलं, हिला मागाची सवय. जन्मल्यापासून मागाच्या आवाजावर झोपली. मग मी दुपारी फोन लावते आणि मागापाशी धरते. तिकडं रोहिणी पापाजवळ फोन ठेवती. तर ती म्हणती, आई, काहीच ऐकू येत नाही. माझ्यापुढं माग धडाधडा चाललाय आणि ती म्हणती काहीच नाही!"

त्यांनी आवाज न उतरवताच पुढचं सांगितलं, पण चेहरा उतरला होता.

"परवा रोहिणीनं गॅसवर दूध ठेवलं. पापा मांडीवर. बसल्या बसल्या डोळा लागला तिचा. जाग आली तवा पातेलं जळून काळं, आणि पापा मांडीवरून सरकून जमिनीवर. लागलं नाही, देवाची कृपा. पण रोहिणी आता म्हणती, मी तिथं राहत नाही. महेशराव म्हणतात, नोकरी सोडू का मग? दोघं रडायलेत. मी काय करू सांग."

मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं. फोनची तक्रार म्हणून आलेलं हे प्रकरण फोनचं नव्हतंच. एका दमलेल्या पोरीचा संसार उसाच्या कडेला अडकला होता. मी त्यांना घरी पाठवलं आणि कारखान्यातून मला फोन करायला सांगितलं.

थोड्या वेळानं फोन आला. "हॅलो! ऐकू येतंय का!" हे छान ऐकू आलं, दोनदा कान बाजूला घ्यावा लागला. मग त्यांनी फोन मागापाशी धरला. पहिला खटका आला, दुसरा आला, आणि मग कोणीतरी हळूच दार लोटून घ्यावं तसा आवाज विरत गेला. मागे उरली एक मऊ, पोकळ शांतता. मधूनच कुठे एखादा खटका पाण्याखालून यावा तसा यायचा. मी दुकानात ती पोकळी ऐकत उभी राहिले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी फोन ठेववेना.

फोन बिघडलेला नव्हता. उलट फारच नीट चालला होता. आपल्या फोनला बोलण्यासाठी खाली एक माईक असतो. बऱ्याच फोनना वरच्या कडेला आणखी एक बारीक भोक असतं, तोही माईकच. बरेच लोक त्यात सुई घालतात आणि मग माझ्याकडे येतात. कॉल चालू असताना फोन दोन्हीकडचं ऐकतो, त्यातला माणसाचा आवाज वेगळा काढतो आणि सतत एका चालीनं चाललेला गोंगाट कचरा समजून फेकून देतो. पंखा, गाडीचं इंजिन, गिरणी. याला नॉइज रिडक्शन म्हणतात. त्यामुळेच आपण एसटी स्टँडवरून बोलू शकतो. नागूमावशींचा माग हा फोनच्या दृष्टीनं कचरा होता.

हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या.

"कचरा? घर चालतंय त्याच्यावर!"

"तुमच्यासाठी हो. फोनला काय कळतंय?"

काही फोनमध्ये हे बंद करता येतं, त्यांच्यात ती सोय नव्हती. म्हणून मी साधा उपाय सांगितला. कॉल करू नका, रेकॉर्ड करा. फोनमधला रेकॉर्डर सहसा एवढी काटछाट करत नाही. मागापाशी उभं राहून रेकॉर्ड करायचं आणि ती फाईल रोहिणीला पाठवायची. त्यांनी त्याच दिवशी केलं. मला वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणीचाच फोन आला. तिचा आवाज इतका थकलेला होता की मला ती आजारी वाटली.

"ताई, ते लावलं. पापा किंचाळून उठली. आता फोन बघितला तरी रडायलीय."

"किती व्हॉल्यूम ठेवला होता?"

"फुल्ल. आई म्हणाली, मागाचा आवाज मोठाच असतो, फुल्ल ठेव."

"आणि फोन कुठं ठेवला होतास?"

"उशीपाशी."

माझं डोकं फिरलं. मी तिला सरळ झापलं. चार महिन्यांच्या लेकराच्या कानापाशी फुल्ल आवाज? तान्ह्या बाळाचा कान काय मागावरच्या माणसाचा कान आहे? ती रडू लागली. मला फार वाईट वाटलं. झोप नसलेल्या माणसाला झापणं म्हणजे पडलेल्याला ढकलणं. मी म्हणाले, "रडू नको. या रविवारी महेशला तुझा फोन घेऊन इकडं पाठव. तोवर मी बघते."

त्याच दिवशी, दुकान दुपारचं बंद करून मी नागूमावशींच्या घरी गेले. म्हटलं, रेकॉर्डिंग स्वतःच करावं.

खाली कारखाना, वर राहायचं घर. आमच्या वस्तीत पुष्कळ घरं अशीच आहेत. खाली मावशींचे यजमान टॉवेलचे माग चालवत होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाज अंगावरच आला. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकडी होडकं, दर फेरीला फटकन आपटत होता. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते. मी फोन बाहेर काढला, आणि मग माझी मीच थांबले.

"मावशी, पापा कुठं झोपायची?"

"वर की. खाली कशाला आणू तान्हं लेकरू?"

"मग आपण रेकॉर्डिंग खाली का करतोय?"

"माग खालीच हाय की."

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी जिना चढून वर गेले. त्या मागून आल्या. वरची खोली अंधारी आणि गार होती. शहाबादी फरशी, खिडकीला जुन्या चादरीचा पडदा, आणि आढ्याच्या हुकाला लुगड्याची रिकामी झोळी. मी फरशीवर बसले. खालचा खडखडाट इथवर येईपर्यंत त्याचं टोक झिजून गेलं होतं. फटका नव्हता, आपटणं नव्हतं. खोल, गोल, एका लयीतलं घुमणं उरलं होतं. ते कानाला कमी आणि तळहाताला जास्त कळत होतं. फडताळावर स्टीलचे पेले शेजारी शेजारी मांडले होते, ते एकमेकांना लागून अगदी बारीक किणकिणत होते. मला वाटलं, कोणीतरी आपल्याला धरून हळूहळू डोलवतंय.

"हा आवाज," मी म्हणाले. "पापाला हा आवाज पाहिजे."

मावशींनी कान दिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"कुठला आवाज? हितं कुठं आवाज येतोय? वर शांत असतंय की."

त्या थट्टा करत नव्हत्या. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ही खोली त्यांच्यासाठी शांतच होती. त्या वस्तीत कुणालाही विचारा, माग म्हणजे खालचा, समोरचा, कान फोडणारा. वरच्या खोलीत जे येतं त्याला त्यांच्याकडे नावच नाही. म्हणून फोन धरायचा तर मागापाशीच धरायचा, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आणि मीही त्यांचंच ऐकून तिथंच रेकॉर्ड करायला सांगितलं होतं.

मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला. रेकॉर्डिंगच्या मध्ये कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. चादरीची घडी घातली, झोळीच्या बरोबर खाली ठेवली, तिच्यावर फोन ठेवला आणि बटण दाबलं. "आता तुम्ही रोज दुपारी काय करता ते करा," मी मावशींना खुणेनं सांगितलं. ती खुणांची भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि लसूण सोलू लागल्या. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून आपोआप "जो... जो..." सुरू झालं, झोळी रिकामी असताना. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

मी म्हटलं, आपण नुसतं बसून राहावं. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. पडद्याच्या कडेनं त्याची एक रेघ फरशीवर पडली होती आणि घुमण्याबरोबर ती रेघही थरथरतेय असं वाटत होतं. लसणाचा वास. पेल्यांची किणकिण. पाठीखालची फरशी हळूहळू ऊब धरत होती. पाठीखालची? मी आडवी कधी झाले? एवढा प्रश्न पडला, त्याचं उत्तर शोधावंसं वाटलं नाही. मला माझी आई दिसली, तिच्या शिवणाच्या मशीनवर, पाय चालवत, माझ्याकडे न बघता हसत. खूप दिवसांनी ती इतकी स्पष्ट दिसली. मी तिला काहीतरी विचारणार होते.

जाग आली तेव्हा मावशी चहा घेऊन उभ्या होत्या. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

मावशींना घेऊन दुकानात गेले आणि ऐकलं. सुरेख आलं होतं. घुमणं, किणकिण, लसणाच्या पाकळ्या ताटलीत पडल्याचा टिप टिप आवाज, "जो जो". आणि त्यानंतर, पुढे बराच वेळ, कोणीतरी घोरत होतं. कोण ते सांगायला नको. मी तो भाग कापून टाकायचा म्हणून बसले, तर मावशींनी हात धरला.

"राहू दे की. आमच्या घरी दुपारी कुणी ना कुणी घोरतंयच. पापाला सवय हाय."

रविवारी महेश आला. सज्जन पोरगा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याच्यासमोर मी रोहिणीचा फोन उघडला, वरच्या खोलीतलं रेकॉर्डिंग त्यात टाकलं आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. इथंही सांगते, कारण घरोघरी हाच घोळ असतो.

फोनला आवाज एक नसतो, चार असतात. रिंगचा वेगळा, अलार्मचा वेगळा, बोलण्याचा वेगळा, आणि गाणी-व्हिडिओंचा वेगळा. त्या शेवटच्याला मीडिया म्हणतात. बाजूचं बटण त्या वेळी जे चालू असेल तेच कमीजास्त करतं. कॉल चालू असेल तर कॉलचा आवाज, गाणं चालू असेल तर गाण्याचा. म्हणून लोक बटण दाबतात एक आणि बदलतं भलतंच. सेटिंगमध्ये साउंडमध्ये गेलं की चारही पट्ट्या एकाखाली एक दिसतात. रोहिणीच्या चारही पट्ट्या टोकाला होत्या. मी मीडिया पार खाली आणला आणि त्याला लिमिट लावलं, म्हणजे कुणाच्या चुकीनं बटण दाबलं गेलं तरी आवाज ठरावीक रेघेच्या वर जाणार नाही.

मग दुसरी अडचण. मागाचं ते खोल घुमणं फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून निघतच नाही. त्यातून फक्त वरचा कर्कश भाग येतो. म्हणून मी दुकानातला एक छोटा ब्लूटूथ स्पीकर दिला. इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाचा खालचा-वरचा भाग वेगवेगळा करण्याच्या सोयीत, खालचा भाग थोडा वाढवला, वरचा उतरवला. "हा पाळण्यापाशी ठेवायचा नाही," मी महेशला दटावलं. "खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवर. आवाज इतकाच, की आपण हळू बोललो तरी एकमेकांना ऐकू यावं."

"आणि ताई, मध्येच रिंग वाजली तर? आई दर तासाला फोन करतात, झोपली का विचारायला. त्यानंच उठते ती."

मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी छताकडे बघितलं.

मी डू नॉट डिस्टर्ब लावलं. हे चालू असलं की फोन येतो पण वाजत नाही. महत्त्वाची माणसं मात्र अपवाद म्हणून ठेवता येतात, त्यांचा फोन वाजतो. मी महेशचा नंबर अपवादात टाकला. मावशींचा नाही टाकला. मुद्दामच. दुपारपुरतं सगळं आपोआप सुरू होईल असं लावून दिलं. महेश फोन आणि स्पीकर घेऊन एसटीला गेला.

सोमवारी दुपारी नागूमावशी दुकानात आल्या तेव्हा त्या ओरडत नव्हत्या. त्यावरूनच मी घाबरले.

"रोहिणी फोन उचलत नाही. कवापासून लावायलेय. सारखी रिंग वाजतीय नुसती."

"मावशी, मी ते वाजणं बंद केलंय. मायलेकी झोपल्या असतील."

"तवाही झोपली होती की ती. गॅस चालू होता."

त्यांनी पुन्हा नंबर लावला. अपवादात त्यांचा नंबर न टाकण्याची चलाखी माझी होती, आणि आता ती माझ्याच अंगाशी आली. मी महेशला फोन लावला. त्याला सांगितलं, तुझा फोन तिकडं वाजेल, लाव. त्यानं लावला. रोहिणीनं त्याचाही उचलला नाही. तो डेअरीतून मोटरसायकलवर निघाला. आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंना बसून राहिलो. एक गिऱ्हाईक चार्जर मागायला आलं, त्याला मी नाही म्हणून पाठवलं. माझ्या मागच्या भिंतीवर चार्जरच लटकत होते.

मग महेशचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. तो कुजबुजत होता.

"दार आतून लावलेलं आहे. मी खिडकीपाशी उभा आहे. गॅस बंद आहे. सगळं ठीक आहे."

मावशींनी लगेच विचारलं, "पापा झोपली?"

"नाही. पापा जागी आहे."

"रडायलीय?"

"नाही हो. पायाचा अंगठा धरून खेळतेय. स्पीकरकडे बघून हसतेय एकटीच. झोपलीय ती रोहिणी. खाली फरशीवर, उशीसुद्धा नाही घेतलेली. मी खिडकी वाजवली, दोनदा हाक मारली, हलली नाही. इतकं गाढ झोपलेलं तिला मी इथं आल्यापासून बघितलंच नाही."

फोनमधून मागे माग ऐकू येत होता का, मला आठवत नाही. बहुधा नसावा, फोननं तो नेहमीसारखा काढून टाकला असेल. आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं होतं. रोहिणी त्या वरच्या खोलीत जन्मली होती. तिथंच मोठी झाली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे तशाच खोलीत राहायला गेली. अकलूजच्या उसात ती जन्मात पहिल्यांदा शांततेत आडवी झाली आणि तिचा डोळा लागेना. आईला झोप नाही म्हणून लेकराला झोप नाही. रडत होतं बाळ, म्हणून सगळ्यांनी बाळाकडेच बघितलं. डॉक्टरनं, महेशनं, मावशींनी आणि मीही.

नागूमावशी फोनवर वाकल्या. त्यांना मी इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचा तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला तो ऐकायला जवळ सरकावं लागलं.

"उठवू नका तिला," त्या म्हणाल्या. "बाहेरच बसा."

महेश ओट्यावर बसून राहिला, संध्याकाळपर्यंत. डेअरीत त्याचा खाडा लागला. रोहिणी अजून अकलूजलाच आहे. नागूमावशींचा नंबर मी दुसऱ्याच दिवशी अपवादात टाकायला लावला, आणि दर तासाला फोन लावायचा नाही अशी त्यांना सक्त ताकीद दिली.

या धंद्यात शिकलेली एक गोष्ट सांगून थांबते. दुकानात कोणी येऊन म्हणालं, आवाज नीट येत नाही, की पूर्वी मी आधी फोन उघडायचे. आता आधी विचारते, कोणाला?